शिष्यवृत्तीचा लांबचा हिशेब

1881 साली चीनच्या बादशाही दरबाराने अमेरिकेत शिकायला धाडलेली आपली मुलं एका हुकुमासरशी परत बोलावली. शांघायच्या धक्क्यावर मोठं स्वागत होईल, अशी आशा मनात धरून ती उतरली. प्रत्यक्षात त्यांना एकचाकी हातगाड्यांवर बसवून, पहाऱ्यात, एका मोडकळलेल्या शाळेत नेलं आणि काही दिवस तिथेच कोंडून ठेवलं. दरबाराच्या लेखी हा सगळा उद्योग फसला होता. नऊ वर्षांचा खर्च पाण्यात गेला होता आणि मुलं परकी रीतभात शिकून बिघडली होती.

आज चीनच्या रेल्वेचा, मुत्सद्देगिरीचा किंवा विद्यापीठांचा इतिहास लिहायला घेतला, तर याच ‘बिघडलेल्या’ मुलांची नावं पहिल्या काही पानांतच येतात.

परदेशी शिक्षणाबद्दल बोलताना आपण ताबडतोबीचा हिशेब मांडतो. किती मुलं गेली, किती परत आली, पगार किती मिळाला, कर्ज कधी फिटलं. हा हिशेब घरापुरता ठीक आहे. पण देशादेशांमधल्या शैक्षणिक देवाणघेवाणीला तो लावला की चुकतो. आशिया आणि पॅसिफिकचा गेल्या दीडशे वर्षांचा अनुभव असा, की अशा देवाणघेवाणीची फळं वीस-तीस वर्षांनी दिसू लागतात, आणि पुष्कळदा ज्याने पैसे घातले त्याच्या ध्यानीमनीही नसलेल्या ठिकाणी दिसतात. काही उदाहरणं नीट पाहिली की हे पटेल.

कनेक्टिकटमधली 120 मुलं

युंग विंग हा मकावजवळच्या खेड्यात जन्मलेला मुलगा मिशनऱ्यांच्या शाळेत शिकला, अमेरिकेला गेला आणि 1854 साली येल विद्यापीठाचा पदवीधर झाला. अमेरिकन विद्यापीठाची पदवी मिळवणारा हा पहिला चिनी माणूस. जे आपल्याला मिळालं ते देशातल्या आणखी मुलांना मिळावं, या एका ध्यासापायी त्याने पुढची सतरा-अठरा वर्षं दरबारी सरदारांचे उंबरे झिजवले. अखेर त्सेंग ग्वोफान आणि ली हुंगचांग या दोन वजनदार सरदारांनी त्याचं म्हणणं उचलून धरलं. 1872 ते 1875 या काळात दरवर्षी 30 अशी एकूण 120 मुलं अमेरिकेला रवाना झाली. बहुतेकांची वयं दहा ते सोळा. त्यांनी तिथे पंधरा वर्षं राहून शिकावं, असा बेत होता.

कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड शहरात आणि आसपासच्या गावांत या मुलांना दोघा-तिघांच्या गटाने अमेरिकन कुटुंबांत ठेवलं. त्यामुळे इंग्रजी लवकर आली, आणि इंग्रजीबरोबर बेसबॉल, चर्च, नाचगाणंही आलं. डोक्यावरची लांब वेणी ही चिंग राजघराण्यावरच्या निष्ठेची खूण. ती कापणं म्हणजे राजद्रोह. काहींनी तीही कापली. देखरेखीला ठेवलेल्या अधिकाऱ्यांनी पेकिंगला तक्रारींचे खलिते धाडले. दुसरीकडे अमेरिकेने या मुलांना आपल्या लष्करी आणि आरमारी अकादमींत घ्यायला नकार दिला. कॅलिफोर्नियात चिनी मजुरांविरुद्ध वातावरण पेटलं होतं; 1882 साली तर चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदाच झाला. दोन्हीकडून दारं लोटली गेली आणि योजना अर्ध्यावर मोडली. परतणाऱ्यांपैकी पदवी पूर्ण झालेले होते फक्त दोघे.

त्या दोघांतला एक झान तियान्यौ. येलमध्ये तो स्थापत्य अभियांत्रिकी शिकला होता. सरकारने त्याला टाकलं फूचौच्या आरमारी शाळेत. रेल्वेचं काम हाती यायला त्याला सात वर्षं थांबावं लागलं. पुढे 1905 मध्ये पेकिंग ते चांगच्याखौ हा सुमारे 200 किलोमीटरचा डोंगराळ लोहमार्ग बांधायची जबाबदारी त्याच्यावर आली. परदेशी अभियंत्यांशिवाय चिनी लोक हा मार्ग बांधतील, यावर युरोपीय मंडळींचा विश्वास नव्हता. चीनच्या भिंतीजवळचा चढ इतका उभा होता की झानने गाडी एका फाट्यावर नेऊन, दिशा उलटवून, पुढे-मागे इंजिनं जोडून वर चढवली. आपल्या बोरघाटातही एकेकाळी गाडी अशीच उलटी फिरवून नेणारं स्टेशन होतं. 1909 साली, ठरल्या मुदतीच्या आत, हा मार्ग पुरा झाला.

बाकीच्या मुलांचं काय झालं? तांग शाओयी 1912 साली चिनी प्रजासत्ताकाचा पहिला पंतप्रधान झाला. लियांग चंग वॉशिंग्टनमध्ये चीनचा वकील म्हणून गेला. बॉक्सर बंडानंतर चीनवर लादलेल्या दंडात अमेरिकेचा वाटा प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त होता. ही गोष्ट हेरून त्याने जादा रक्कम परत मिळावी म्हणून चिकाटीने पाठपुरावा केला. शाळकरी वयात अमेरिकेत राहिलेल्या माणसाला तिथल्या लोकांशी कसं बोलायचं, हे ठाऊक होतं. 1908 मध्ये अमेरिकेने सुमारे 1 कोटी 8 लाख डॉलर सोडून दिले आणि त्या पैशांतून चिनी विद्यार्थ्यांना अमेरिकेत शिकवायचं ठरलं. त्यांची पूर्वतयारी करून घ्यायला 1911 मध्ये पेकिंगला एक शाळा निघाली. तिचंच पुढे त्सिंगह्वा विद्यापीठ झालं. 1912 मध्ये त्या संस्थेचा पहिला अध्यक्ष झालेला तांग ग्वोआन हाही त्या 120 मुलांपैकीच.

या निधीवर 1910 साली गेलेला हू शी चीनच्या नव्या बोलभाषेतल्या साहित्याचा पुरस्कर्ता झाला. 1945 मध्ये त्याच परंपरेतल्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेलेल्या यांग चेनिंग यांना 1957 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. 1881 साली बुडीत खात्यात टाकलेली रक्कम अशी शतकभर व्याज देत राहिली.

याच निधीची एक कडू बाजूही आहे. छ्येन शुएसन हा तरुण 1935 मध्ये त्सिंगह्वाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेला आणि कॅल्टेकमध्ये रॉकेटविज्ञानातला पहिल्या फळीचा संशोधक बनला. 1950 साली तो कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून अमेरिकी सरकारने त्याची गुप्ततेची कामं काढून घेतली, पाच वर्षं नजरकैदेसारखं ठेवलं आणि 1955 मध्ये चीनला जाऊ दिलं. चीनचा क्षेपणास्त्र कार्यक्रम त्याने उभा केला. शिकायला आलेल्या माणसावर संशय घेण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचा एवढा ढळढळीत दाखला क्वचितच सापडेल.

मॅसॅच्युसेट्स, तोक्यो आणि हिंगणे

जपाननेही त्याच सुमाराला मुलं बाहेर धाडली, आणि त्यांत मुलीही होत्या. 1871 च्या अखेरीस निघालेल्या इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर पाच मुली अमेरिकेला गेल्या. सगळ्यांत धाकटी त्सुदा उमेको. वय पुरती सात वर्षंही नाही. ती परतली 1882 मध्ये, जवळपास अठराव्या वर्षी. जपानी बोलणं विसरली होती. तिला धाडणाऱ्या सरकारकडे आता तिच्यासाठी काही कामच नव्हतं. मुलींना शिकवून आणल्यावर पुढे काय करायचं, याचा विचार कुणी केला नव्हता. उमेकोने पुन्हा अमेरिका गाठली, ब्रिन मॉर कॉलेजात जीवशास्त्र शिकली, आणि 1900 मध्ये तोक्योत मुलींसाठी इंग्रजीची शाळा काढली. आज ते त्सुदा विद्यापीठ आहे. 2024 पासून जपानच्या 5,000 येनच्या नोटेवर उमेकोचं चित्र आहे.

नारुसे जिन्झो हे आणखी एक नाव. 1890 मध्ये ते अमेरिकेला गेले, मॅसॅच्युसेट्समध्ये राहिले, तिथलं स्त्रीशिक्षण पाहिलं आणि चार वर्षांनी परतले. 1901 मध्ये त्यांनी तोक्योत जपान महिला विद्यापीठ सुरू केलं. या संस्थेची माहिती देणारी एक पुस्तिका काही वर्षांनी पुण्याजवळच्या हिंगण्याला धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली.

कर्वे तेव्हा विधवाश्रम आणि महिला विद्यालय चालवत होते. मुलींसाठी उच्च शिक्षण कसं असावं, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. इंग्रजी माध्यमातली, मुंबई विद्यापीठाच्या साच्यातली पदवी बहुतेक मुलींच्या आवाक्याबाहेर होती. मातृभाषेतून शिकवणारं, स्त्रियांच्या गरजा समोर ठेवून अभ्यासक्रम आखणारं विद्यापीठ आशियातल्याच एका देशात प्रत्यक्ष चालू आहे, हे वाचून त्यांच्या मनातल्या कल्पनेला आकार आला. डिसेंबर 1915 मध्ये मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ती मांडली आणि 1916 मध्ये भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू झालं. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाख रुपये दिले आणि त्यांच्या मातोश्रींचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं, नाव विद्यापीठाला मिळालं.

स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम हवा, ही त्या काळची समजूत आज खटकते आणि तिच्यावर तेव्हाही टीका झाली. पण उच्च शिक्षण मराठी आणि गुजरातीतून देता येतं, हे याच विद्यापीठाने आधी करून दाखवलं. नारुसे बोटीत बसले तेव्हा पुण्यातल्या मुलींचा विचार कुणाच्या मनात असणं शक्य नव्हतं. तरी त्यांच्या चार वर्षांच्या शिक्षणाची एक धार पॅसिफिक ओलांडून तोक्योला आणि तिथून एका पुस्तिकेच्या रूपाने मुठेच्या काठी पोहोचली.

सांखवाळहून कोलंबोला

वरची सगळी मंडळी सरकारी किंवा संस्थांच्या आधाराने गेलेली. धर्मानंद कोसंबी यांच्यामागे असं काहीच नव्हतं. 1876 मध्ये गोव्यातल्या सांखवाळला जन्म, शालेय शिक्षण बेताचं, घर नारळ-पोफळीच्या बागांवर चालणारं. ‘बालबोध’ मासिकात बुद्धचरित्र वाचून त्यांना ओढ लागली, आणि 1899 मध्ये घर सोडून ते संस्कृत शिकायला पुण्याला निघाले. पुढे काशीला अन्नछत्रात जेवून अध्ययन केलं. बुद्धाची मूळ वचनं मात्र भारतात शिकायला मिळेनात. ज्या देशात ती बोलली गेली, तिथून पालीची परंपरा केव्हाच उठली होती. म्हणून ते 1902 मध्ये सिंहलद्वीपाला गेले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांकडे पाली शिकू लागले. तिथून पुढे ब्रह्मदेशातल्या विहारांतही राहिले.

परतल्यावर सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा 50 रुपये दिले. अट एवढीच, की महाराष्ट्रात राहावं आणि लिहावं. (हेच सयाजीराव पुढे 1913 मध्ये भीमराव आंबेडकरांना अमेरिकेला पाठवणार होते.) कोसंबींना हार्वर्डहून बोलावणं आलं ते ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. कोलंबोत कमावलेली विद्या आता बॉस्टनजवळ कामाला आली. 1912 पासून सहा वर्षं त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली.

त्यांच्या वर्गातून पु. वि. बापट तयार झाले. बापटांनी पालीबरोबर चिनीही हस्तगत केली. पाली ग्रंथांची जी जुनी चिनी भाषांतरं उपलब्ध आहेत, ती मूळ ग्रंथांशी ताडून पाहायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. विनयपिटकावरच्या ‘समंतपासादिका’ या अट्ठकथेचं, म्हणजे टीकाग्रंथाचं, इ.स. 489 च्या सुमारास चीनमध्ये झालेलं भाषांतर बापटांनी अकिरा हिराकावा या जपानी विद्वानाच्या सहकार्याने इंग्रजीत आणलं. 1970 मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने ते प्रसिद्ध केलं.

या एका पुस्तकामागे किती प्रवास आहेत पाहा. बुद्धवचन मगधातून सिंहलद्वीपाला गेलं, तिथली टीका चीनला पोहोचली, चीनमधून बौद्ध विद्या जपानला गेली, आणि चौदा-पंधरा शतकांनी कोलंबोत शिकलेल्या गोवेकराचा पुणेरी शिष्य आणि एक जपानी पंडित यांनी मिळून ते सगळे धागे पुन्हा एकत्र आणले. सातव्या शतकात ह्युएन त्संगाने नालंदेला शीलभद्रांच्या पायाशी बसून अध्ययन केलं आणि 645 मध्ये 657 ग्रंथ घेऊन तो चीनला परतला. आपल्याकडचे बरेच मूळ ग्रंथ पुढे नष्ट झाले आणि त्यांपैकी काहींची ओळख आज आपल्याला चिनी भाषांतरांतूनच होते. विद्या परक्या घरी ठेवायला दिली होती म्हणून वाचली, असंच म्हणायला हवं.

उलट दिशेचंही एक उदाहरण. तोक्योच्या हितोत्सुबाशी विद्यापीठातले हिरोशी फुकाझावा मराठी कागदपत्रांत शिरले आणि त्यांनी अठराव्या शतकातल्या आपल्या गावगाड्याचा अभ्यास केला. बलुतेदार हे ठरावीक यजमान घरांचे सेवक नव्हते, ते साऱ्या गावाचे होते, असं त्यांनी 1972 मधल्या निबंधात साधार मांडलं. उत्तर भारतातल्या जजमानी पद्धतीचा साचा महाराष्ट्राला सरसकट लावू नये, हे आपल्याला बाहेरच्या अभ्यासकाने दाखवून दिलं. घरातल्या माणसाला सवयीने जे दिसत नाही, ते पाहुण्याला दिसतं.

यजमानच बदलला

दुसऱ्या महायुद्धानंतरची या प्रदेशातली सर्वांत मोठी देवाणघेवाण म्हणजे कोलंबो योजना. जानेवारी 1950 मध्ये राष्ट्रकुलातल्या देशांचे परराष्ट्रमंत्री कोलंबोत जमले. नेहरूही तिथे होते. तीनच महिन्यांपूर्वी चीनमध्ये कम्युनिस्ट सत्ता आली होती. गरिबी हटली नाही तर उरलेला आशियाही त्याच वाटेने जाईल, ही धास्ती ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री पर्सी स्पेंडर यांच्यासारख्यांच्या बोलण्यामागे होती. 1 जुलै 1951 पासून योजना सुरू झाली. धरणं, यंत्रसामग्री, तज्ज्ञ यांच्या जोडीला विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या हा तिचा एक भाग होता.

त्या वेळचा ऑस्ट्रेलिया हा गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी राखलेला देश. 1901 च्या कायद्याने बंदरावर उतरणाऱ्या नकोशा माणसाची श्रुतलेखनाची परीक्षा घेतली जाई आणि भाषा अधिकारी ठरवी. नापास करायचंच असेल तर त्याला न येणारी युरोपीय भाषा निवडायची, की झालं. ही परीक्षा 1958 पर्यंत कायद्यात होती. अशा देशात मलाया, इंडोनेशिया, सिलोन, भारत, पाकिस्तान इथले तरुण सरकारी पाहुणे म्हणून येऊ लागले.

वसतिगृहं पुरेशी नव्हती, त्यामुळे अनेकांची सोय घरगुती खानावळींत आणि कुटुंबांत झाली. चर्चची मंडळं, रोटरीसारखे क्लब त्यांना सुटीत घरी बोलावत. आयुष्यात आशियाई माणसाशी कधी न बोललेल्या गृहिणीच्या स्वयंपाकघरात आता कोलंबोचा भावी डॉक्टर किंवा क्वालालंपूरचा भावी अभियंता चहा पीत बसलेला असे. आशियाई माणसाचं वर्तमानपत्री व्यंगचित्र एकीकडे आणि समोर बसलेला हुशार, लाजरा, आईची आठवण काढणारा मुलगा दुसरीकडे. दोहोंचा मेळ बसेना. 1966 मध्ये कायदा सैल झाला आणि 1973 मध्ये वर्णभेदी स्थलांतर धोरण अधिकृतपणे संपलं. व्यापाराची गरज, नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांचा दबाव आणि खुद्द ऑस्ट्रेलियातले सुधारक ही त्यामागची मोठी कारणं. पण आशियाई शेजारी परवडणारा आहे, हे सामान्य माणसाला आधी पटवलं ते या विद्यार्थ्यांनी. डॅनियल ओकमन या इतिहासकाराने योजनेच्या इतिहासात हा धागा तपशिलाने मांडला आहे. आशियाला बदलायला काढलेल्या योजनेने तिच्या यजमानालाच बदललं.

आशियाच्या बाजूचा लाभही थोडाथोडका नाही. पर्थ आणि मेलबर्नला अर्थशास्त्र शिकलेले बुदियोनो 2009 मध्ये इंडोनेशियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची, म्हणजे ‘एम्स’ची, पायाभरणी 1952 मध्ये झाली ती राजकुमारी अमृत कौर यांच्या पुढाकाराने आणि न्यूझीलंडने याच योजनेतून दिलेल्या मोठ्या देणगीच्या आधारावर. तेव्हाच्या न्यूझीलंडची लोकसंख्या जेमतेम वीस लाख होती. भारत या योजनेत केवळ घेणारा नव्हता. नेपाळ, सिलोन आणि इतर शेजाऱ्यांच्या विद्यार्थ्यांना इथल्या महाविद्यालयांत जागा मिळत होत्या. 1964 मध्ये भारताने ‘आयटेक’ हा स्वतःचा तांत्रिक सहकार्य कार्यक्रम सुरू केला, तो आजही चालू आहे.

1980 च्या दशकात वारं फिरलं. ऑस्ट्रेलियाने परदेशी विद्यार्थ्यांकडून पूर्ण फी घ्यायला सुरुवात केली आणि शिक्षण हा त्या देशाचा मोठा निर्यात-व्यवसाय बनला. आज मेलबर्न-सिडनीला शिकणाऱ्या मराठी मुलांचे आई-वडील त्यासाठी कर्ज काढतात. फी भरणाऱ्या ग्राहकाला कुणी सुटीत घरी बोलावत नाही, ही या बदलातली हानी. 2014 पासून ‘न्यू कोलंबो प्लॅन’खाली ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्यांना आशियात आणि पॅसिफिकच्या बेटांवर शिकायला पाठवलं जातं. साठ वर्षांनी का होईना, शिकवायला बसलेल्या देशाने शिकायचं ठरवलं.

समुद्रभर पसरलेलं विद्यापीठ

पॅसिफिकमधल्या छोट्या देशांना प्रत्येकी एक विद्यापीठ परवडणं अशक्य. 1968 मध्ये फिजीची राजधानी सुवा इथे, न्यूझीलंडच्या हवाई दलाच्या जुन्या तळावर, दक्षिण पॅसिफिक विद्यापीठ सुरू झालं. आज त्याचे मालक 12 देश आणि प्रदेश आहेत : फिजी, टोंगा, सामोआ, सॉलोमन बेटं, वानुआतू, किरिबाती, तुवालू, नाउरू, मार्शल बेटं, कुक बेटं, नियुए आणि टोकेलाऊ. त्यांतल्या काहींची लोकसंख्या आपल्याकडच्या मोठ्या गावाएवढीही नाही. बेटं हजारो किलोमीटर पसरलेली, म्हणून 1970 च्या दशकातच या विद्यापीठाने नासाच्या एका उपग्रहावरून दूरच्या बेटांशी संपर्क साधून शिकवणं सुरू केलं. ‘ऑनलाइन वर्ग’ हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

इथे शिकवणारे एपेली हाउओफा हेच देवाणघेवाणीचं चालतंबोलतं रूप होते. आई-वडील टोंगाचे, जन्म पापुआतला, शिक्षण टोंगा, फिजी, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात. लहान, विखुरलेली, मदतीवर जगणारी बेटं असं वर्णन ते वर्षानुवर्षं ऐकत आणि स्वतःही वर्गात शिकवत आले होते. 1993 मध्ये त्यांनी एका निबंधात ते उलटवलं. समुद्र बेटांना तोडत नाही, जोडतो. होड्यांनी हजारो वर्षं ये-जा करणाऱ्या या लोकांचं घर म्हणजे तो अख्खा महासागर, असा त्याचा आशय. पॅसिफिकच्या तरुण पिढीने आपल्याकडे पाहण्याची दृष्टी या निबंधाने बदलली. वेगवेगळ्या बेटांवरची मुलं एका वर्गात समोर बसत होती, म्हणूनच हा विचार सुचणं आणि पसरणं शक्य झालं.

टिकतं ते कशामुळे

या सगळ्या उदाहरणांतून तीन-चार गोष्टी ठळक होतात.

पहिली म्हणजे मुक्काम. आठ दिवसांच्या ‘स्टडी टूर’मधून फोटो मिळतात. हार्टफर्डच्या घरात किंवा मेलबर्नच्या खानावळीत काढलेल्या वर्षांतून माणसं मिळतात. भाषा, विनोद, राग, लाज या गोष्टी समजायला वेळ द्यावाच लागतो.

दुसरी म्हणजे शिक्षक. चिनी लेखक लू शुन 1904 मध्ये जपानमधल्या सेंडाईच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाले. शरीररचनेचे शिक्षक फुजिनो गेन्कुरो या एकमेव चिनी विद्यार्थ्याच्या वह्या घरी नेत आणि लाल शाईने, अगदी भाषेच्या चुकांसकट, तपासून परत देत. लू शुन यांनी वैद्यक दोन वर्षांत सोडलं आणि लेखणी हाती घेतली. शिष्यवृत्तीच्या हिशेबात हा विद्यार्थी नापासच. पण वीस वर्षांनी त्यांनी फुजिनोंवर लिहिलेला लेख चीनमध्ये पिढ्यान्पिढ्या वाचला गेला. पुढे दोन्ही देशांत भीषण युद्ध झालं, तरी त्या लेखातला जपानी शिक्षक चिनी वाचकांच्या मनात जिवंत राहिला.

तिसरी म्हणजे परतल्यावरची जागा. झानला सात वर्षं रेल्वे मिळाली नाही, उमेकोला सरकारने काम दिलं नाही. कोसंबींना सयाजीरावांचे 50 रुपये मिळाले आणि फर्ग्युसनची खुर्ची मिळाली, म्हणून बापट घडले. बुद्धिवंत परदेशी राहतात अशी तक्रार करण्याआधी, परतणाऱ्यासाठी आपण प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि स्वातंत्र्य राखून ठेवलंय का, हे तपासायला हवं.

चौथी म्हणजे दोन्ही दिशांची वाहतूक. आपण आपली मुलं पाठवण्याबद्दल भरभरून बोलतो. इथे आलेल्या परक्या मुलांचा विचार क्वचित करतो. पुण्यात अनेक दशकं आशिया-आफ्रिकेतले विद्यार्थी शिकत आहेत. फर्ग्युसनच्या वसतिगृहात काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याचे हाल पाहून शां. ब. मुजुमदार यांनी 1971 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी ‘सिंबायोसिस’ हे सांस्कृतिक केंद्र काढलं. आज त्याचं मोठं विद्यापीठ झालं आहे, पण त्याचा उगम एका आजारी पाहुण्याच्या काळजीत आहे, हे विसरू नये.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षण म्हटलं की अजून अमेरिका, इंग्लंड, जर्मनीच आठवतात. जपान सरकारची शिष्यवृत्ती 1954 पासून चालू आहे. सिंगापूर, तैवान, दक्षिण कोरिया इथली विद्यापीठं जगात अग्रगण्य आहेत. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. त्यातले बहुतेक नोकरीसाठी शिकतात, तेही रास्तच. त्यांतल्या दहा जणांनी तरी जपानच्या ग्रंथालयांत, शेतीत, आपत्ती-व्यवस्थापनात शिरावं. कोरियन, व्हिएतनामी, इंडोनेशियन भाषा शिकणारे मराठी संशोधक तयार व्हावेत. राज्य सरकारने आणि विद्यापीठांनी आपल्या शिष्यवृत्तीधारकांची नोंद पदवीपाशी न थांबवता पुढची तीस वर्षं ठेवावी, आणि कोणती शिष्यवृत्ती बंद करायची हे ती नोंद पाहूनच ठरवावं.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या सोसायटीत एखादा अफगाण, नेपाळी किंवा व्हिएतनामी विद्यार्थी खोली शोधत आला, तर नावावरून किंवा चेहऱ्यावरून त्याला परत पाठवू नका. खोली द्या, आणि सणावाराला जेवायला बोलवा. देशादेशांतल्या करारांनी जे साधत नाही, ते पुष्कळदा अशाच घरांनी साधलं आहे.